टीम जिंकेपर्यंत देव पाण्यात

शनिवार, ६ सप्टें.
परत हरलो. दुसऱ्या हाफमध्ये एक पॉइंट नाही. आमच्या क्वार्टरबॅकने बॉल समोरच्यांच्या हातात असा दिला, जसा पाहुण्याला चहा द्यावा. टीव्ही बंद केला, देव्हाऱ्यातला पितळेचा गणपती उचलला आणि तांब्याच्या तपेलीत पाण्यात ठेवला. मोठ्याने म्हटलं, टीम एक मॅच जिंकेपर्यंत काढणार नाही.
नवरा दारात उभा. "आज सगळे विसर्जन करतायत. तूही उरकलंस वाटतं."
विवेक पुण्याचा. त्याला इथलं अमेरिकन फुटबॉल कळत नाही आणि नवसही कळत नाही.
लेकीचा, सईचा मेसेज : "पॅथेटिक." मी : "हो ना." झालं आमचं बोलणं.

रवि., ७ सप्टें.
जूनपासून हेच. पोरीने कोर्टात जाऊन लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, झालंय ना, मग मला कशाला सांगतेस. त्यानंतर फोन नाही. बापाशी बोलते. माझ्याशी फक्त मॅचच्या दिवशी, फक्त टीमबद्दल. आम्ही दोघी एकाच कॉलेजच्या. मी एमएसला होते तेव्हा रूममेटने ओढून पहिल्या मॅचला नेलं, सईला मी कडेवर घेऊन नेलं, पुढे ती तिथेच शिकली. ती राहते ते रिचमंड इथून दोन तासांवर, पण आमच्यात सध्या हा एवढाच रस्ता. आणि सीझन नोव्हेंबरात संपतो. मग ती कशाबद्दल लिहिणार?
त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही.

शनि., २७ सप्टें.
स्टेडियमवर. आमच्या तीन जागा, मधली रिकामी. वि. तिच्यावर जॅकेट ठेवतो. मागच्या रांगेतले डेलकाका (लहानपणी सईने केलेलं नाव, आता अख्खी रांग त्यांना काका म्हणते) पॉपकॉर्न पुढे करत म्हणाले, "व्हेअर इज अवर गर्ल?" सांगितलं, काम आहे. पॉपकॉर्न माझ्याच हातात ठेवलं. त्यांना कळलं असावं.
किक खांबाला लागून बाहेर. हरलो. लोक तिसऱ्या क्वार्टरलाच उठून चालले होते. मला राग येतो. टीम हरतेय म्हणून उठून जायचं तर आपली म्हणायचं कशाला?
सई : "हिट द पोस्ट. ऑफ कोर्स."
म्हणजे बघत होती. शेवटपर्यंत.

गुरु., ९ ऑक्टो.
रोज सकाळी पाणी बदलते. तपेली चिंचेने घासली. गणपती काळवंडलाय. वि. म्हणतो, "त्याला सर्दी झाली तर डॉक्टर तूच शोध." हसू आलं, पण दाखवलं नाही.

मंगळ., २१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. वि. म्हणाला, आज तरी काढ. नाही काढला. सुपारीचा गणपती मांडून पूजा केली. सईने बापाला व्हिडिओ कॉल केला, त्याने फोन फिरवून देव्हारा दाखवला. मी स्वयंपाकघरात, अनारसे तळत होते असं म्हणायचं. तळून झाले होते.
थोड्या वेळाने मला मेसेज. मॅच नसताना आलेला पहिला.
"बाबा सेज बाप्पा इज इन वॉटर. फॉर द टीम?"
"हो."
"लाइक व्हेन माय अपेंडिक्स बर्स्ट?"
सात वर्षांची होती, तेव्हाही गणपती पाण्यात ठेवला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनेच स्वतःच्या हाताने काढून पुसला होता. हे सगळं लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, टीमसाठीच.
मूर्ख बाई.

शनि., ८ नोव्हें.
हरलो. सईचा मेसेज नाही. मॅच संपल्यावरही फोन हातातच होता.

सोम., १७ नोव्हें.
शनिवारी शेवटची मॅच, आपल्याच मैदानावर. यंदा एकही जिंकलेलो नाही. मधल्या जागेचं तिकीट सईला फोनवरून पाठवलं. काही लिहिलं नाही. तिने ॲक्सेप्ट केलं की इथे दिसतं.

मंगळ., १८ नोव्हें.
उत्तर आलं. एकच शब्द. मराठीत.
"एकच?"
वि. म्हणाला, "माझं दे त्याला. मी घरी बसतो, पार्किंग शोधायला नको."
"तू कशाला तुझी जागा सोडतोस?"
"मंजू, जागेचा प्रश्न आहे का हा?"
चिडले. बरोबर बोलला म्हणून जास्त चिडले. सईला काहीच लिहिलं नाही.

शुक्र., २१ नोव्हें.
तिकीट तसंच लटकलंय. दिवसभरात किती वेळा बघितलं ते लिहायची लाज वाटते.

शनि., २२ नोव्हें.
जिंकलो.
शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा बॉल निसटला, आमच्या पोराने त्यावर अंग टाकलं. पोरं मैदानात धावली. डेलकाकांनी मला मागूनच मिठी मारली, टोपी माझ्या डोळ्यांवर आली. सगळे नाचत होते आणि मी त्या जॅकेटकडे बघत होते. एवढी वाट बघितली या दिवसाची आणि मी जॅकेटची घडी घालत बसले.
गाडीत मेसेज : "वी वन. नाऊ टेक हिम आउट, आई."
जूनपासून पहिल्यांदा 'आई'.
घरी आल्यावर वि. स्वच्छ पंचा घेऊन आला. "काढ आता." तपेलीत हात घातला. पाणी गार. तसाच बाहेर काढला, रिकामा.
"जिंकली ना टीम?"
"जिंकली."
त्याने पंचा तिथेच ठेवला.
मग सईला लिहिलं : "बाप्पा अजून पाण्यातच आहे. गुरुवारी सुट्टी आहे. तू आणि मार्कस येऊन काढा." मार्कसच्या स्पेलिंगमध्ये सी की के ते वि.ला विचारून घेतलं. सी.

रवि., २३ नोव्हें.
मेसेज वाचलाय. उत्तर नाही. पाणी बदललं.
वि. दुकानात निघाला होता, चपला घालता घालता म्हणाला, "गुरुवारी किती जणांचं करायचंय?"
म्हटलं, चौघांचं.