बिनमिशीच्या माणसाचं पिनांगपुराण

जुबैल, सौदी अरेबिया
फेब्रुवारी १९९१

तीर्थस्वरूप विजयकाका यांना,

जगदीशचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच वाकलो आहे, उरलेला समक्ष येऊन पुरा करीन). तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? शिरोड्याच्या वैद्यांचं तेल अजून लावता, की वासाला कंटाळून काकूंनी बाटली फेकून दिली? काकूंचा दमा या थंडीत फार त्रास देत नसेल अशी आशा आहे. आम्ही तिघंही खुशाल आहोत. ही गोष्ट मी पहिल्याच ओळींत लिहितो, कारण रेडिओवर जुबैलचं नाव ऐकलं की तुम्ही जेवण अर्धं टाकून उठता असं काकूंनी कळवलं आहे. इराकचं एक क्षेपणास्त्र इकडे आलं हे खरं, पण ते बंदराजवळ समुद्रात पडलं. मासे सोडले तर कुणाला त्रास झाला नाही, आणि माशांना आधीच तेलाच्या तवंगाची इतकी काळजी आहे की त्यांनीही फारसं मनावर घेतलं नसावं. पद्मिनी रोज इस्पितळाच्या लॅबमध्ये जाते, मी बंदरावर जातो. शिवांगीची शाळा बंद आहे, त्यामुळे या घरात युद्धाबद्दल समाधानी असलेली ती एकटीच.

आता मुद्द्याचं. (पुढे पुष्कळ फाटे फुटतील, म्हणून मुद्दा आधीच सांगून मोकळा होतो.) आमच्या शेजारी बदरुद्दीन नावाचे गृहस्थ राहतात, मलेशियातल्या पिनांगचे. बंदरावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळ्यांचे ते मुकादम, आणि कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला कधी लावायचं ते मी ठरवतो. त्यामुळे दिवसभर आम्ही भांडतो आणि संध्याकाळी एकत्र चहा पितो. त्यांचे मेव्हणे पिनांगसमोरच्या बटरवर्थ बंदरात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांना माझ्यासारखा माणूस हवा आहे, घर देतात, शिवांगीला शाळा आहे, पद्मिनीला इस्पितळ आहे. माझा इथला करार उन्हाळ्यात संपतो. मला जायचं आहे, काका. पण अण्णांना मी शब्द दिला होता की हा करार संपला की वेंगुर्ल्याला परत येईन. मंगळवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस रत्नाकर सामंत यांच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावला आणि पिनांगचं नाव काढलं, तर अण्णा म्हणाले, "बंदर कोणाचाच नसता रे. घराक ये." मी आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा चढवला, आणि मग फोन कट झाला. युद्धामुळे झाला की अण्णांनी केला ते कळायला मार्ग नाही.

त्यांचं म्हणणं मला समजत नाही असं नाही. आगबोटीच्या एजंटाच्या कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि डोळ्यांदेखत वेंगुर्ल्याचं बंदर ओस पडलेलं पाहिलं. डच लोकांची वखार पडली, आगबोट लागायची बंद झाली, आता धक्क्यावर जाळी वाळतात. म्हणून त्यांचं ठाम मत की बंदरावर दोन पिढ्या जगत नाहीत. अण्णा आयुष्यात कुणाचं ऐकत असतील तर तुमचं (धाकटे असूनही!), आणि तुम्ही तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलात. म्हणून हे पुराण तुमच्यासमोर मांडतो आहे.

पण हे पुराण मी कुठे ऐकलं ते सांगायला हवं. कंपनीने सगळ्यांना विषारी वायूचे मुखवटे वाटले, आणि घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करून ठेवायला सांगितलं. बदरुद्दीनभाईंच्या घराला भिंतभर काचा, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी जोहराभाभी भोंगा वाजला की आमच्या खोलीत येतात. मुखवटा तपासायला एक सुदानी अधिकारी आले, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी माझ्या मुखवट्यावर तळहात ठेवला, मला श्वास ओढायला लावलं, आणि दुःखाने मान हलवली. माझ्या मिशा तुम्हाला माहीत आहेत. कल्ल्यांना जाऊन भिडलेल्या. त्यातून हवा आरामात आतबाहेर करत होती. अधिकाऱ्यांनी मिशीकडे बोट दाखवलं आणि "खलास" एवढंच म्हणाले. वायूने मरायचं की मिशीविना जगायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं (पद्मिनीने करूच दिला नाही). डोक्यावर आधीच काही उरलेलं नाही, आता ओठावरही नाही. शिवांगी म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक ॲन एग." आरशात पाहताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय चुकलं ते आठवेना. दुसऱ्या दिवसापासून वेगवेगळे मराठी लोक मला रस्त्यात पाहून मान खाली घालून जाऊ लागले. मला वाटलं, मिशीला मान देतायत.

तर त्या बंद खोलीत, दाराखाली ओला टॉवेल, शिवांगी मांडीवर, आणि बदरुद्दीनभाई मुखवट्यातून बोलतायत. आवाज घागरीतून आल्यासारखा. पहिल्यांदा त्यांनी शिवांगीची भीती जावी म्हणून सुरुवात केली, पुढे आम्हीच भोंग्याची वाट पाहू लागलो. काका, पिनांग हे बेट दोनशे वर्षांपूर्वी नुसतं जंगल होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका कप्तानाने ते केदाहच्या सुलतानाकडून पदरात पाडून घेतलं (संरक्षण देतो म्हणाला, दिलं नाही. पुढचं तुम्हाला इतिहासाच्या मास्तरांनी सांगितलंच असेल). जंगल तोडायला कुणी मिळेना, तेव्हा त्याने म्हणे तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली आणि सांगितलं, सापडेल त्याची. लोकांनी कोयते घेतले आणि जंगल साफ! खरं-खोटं ते तोफेलाच ठाऊक. मग त्याने जकात माफ केली आणि झाडून सगळे देश तिथे लोटले. चिनी आले, तमिळ मुसलमान आले (बदरुद्दीनभाईंचे आजोबा नागोरचे, आजी मलायी), अरब, आर्मेनियन, गुजराती. एकाच रस्त्यावर इंग्रजांचं चर्च, चिन्यांच्या देवीचं देऊळ, तमिळ लोकांची मारिअम्मा आणि मोठी मशीद. चिन्यांची काही घराणी तर समुद्रातच लाकडी खांबांवर वस्ती करून राहतात, एका आडनावाची एक जेटी, जमिनीवर नसल्यामुळे घरपट्टी नाही असं ते म्हणतात. हे ऐकून पद्मिनीने मुखवट्यातून माझ्याकडे असं पाहिलं की आमचंही आडनाव एखाद्या जेटीला चिकटवायचा तिचा बेत असावा.

आपली माणसंही तिथे पूर्वीच पोचली होती. इंग्रज मुंबईहून कैदी पाठवत आणि त्यांच्याकडून रस्ते बांधून घेत. (हे अण्णांना सांगू नये. ते म्हणतील, कैद्यांच्या पाठोपाठ माझा मुलगा.) त्या ऐवजी जायफळाचं सांगा. तिथे जायफळाच्या बागा आहेत आणि जायफळाच्या गराचं सरबत करतात. जोहराभाभींनी आम्हाला ते पाजलं, आणि काका, आपण आजवर तो गर बागेत सडू देत होतो याची लाज वाटली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. कथिल, रबर, मिरी यांच्यावर पिनांग मजेत चाललेलं असताना, एकोणसत्तर साली सरकारने जकातमाफी काढून घेतली. झालं, जहाजं दुसरीकडे वळली, दुकानं बसली, घरोघरी तरुण मुलं बेकार. बदरुद्दीनभाई त्यातलेच एक. म्हणजे अगदी वेंगुर्लं! मी त्या दिवशी मुखवटा काढूनच विचारलं, पुढे? (सगळे माझ्यावर ओरडले.) पुढे त्यांनी रडणं आवरलं, विमानतळाजवळ भातशेतीत कारखाने आणले, गावातल्या मुली ट्रान्झिस्टरचे बारीक तुकडे जोडायला शिकल्या, धक्का पलीकडे बटरवर्थला हलवला, तिथे कंटेनरच्या जहाजांसाठी खोल पाणी होतं, आणि बेटाला जमिनीशी जोडणारा लांबलचक पूल बांधला. आज जहाजांना रांग लावावी लागते, आणि ती रांग लावायला त्यांना मी हवा आहे. एक बंदर मेलं आणि उठून बसलं, काका. एवढी एक गोष्ट अण्णांच्या कानावर घाला.

आता शुक्रवारी काय झालं ते. सुट्टीचा दिवस, मी पांढरा लेंगा-सदरा घालून घरात होतो. पद्मिनी इस्पितळात, शिवांगी जोहराभाभींकडे. दुपारी बेल वाजली आणि अर्धं महाराष्ट्र मंडळ आत आलं, पुढे रत्नाकर सामंत. सगळे चपला बाहेर काढून गप्प बसले. रत्नाकरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अण्णांचं कळलं. मला वाटलं, मंगळवारचं भांडण यांनी बाहेर उभं राहून ऐकलं, आता मध्यस्थीला आले. मी विचारलं, चहा टाकू? सगळ्यांनी अशी मान हलवली की मी विषच विचारलं असावं. कुळकर्णीबाईंनी डोळे पुसले. डबे मात्र तीन आले, आणि तिन्हींत पिठलं-भात. मी मनात म्हटलं, युद्धामुळे भाजी मिळत नसेल. मग रत्नाकर म्हणाले, "तुमचे अण्णा कसे होते, सांगा ना." आणि मी सांगत सुटलो.

काय काय सांगितलं ते आता आठवून कान गरम होतात. आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतारू आणायचे, तेव्हा अण्णा स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लोकांची पोरं कडेवर घेऊन किनाऱ्याला आणायचे, एजंटाच्या कारकुनाचं ते काम नसताना. बोट बंद झाल्यावरही एक अख्खा हंगाम ते सकाळी टोपी घालून धक्क्यावर जायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, आज उशीर आहे. वारा कुठून आहे आणि पाणी केव्हा चढेल हे मला त्यांनी शिकवलं, त्यावरच मी आज पोट भरतो. त्यांचंच काम मी करतो, जहाजं फक्त मोठी आहेत. आणि मी म्हटलं की त्यांच्यासारखा माणूस मी सबंध अरबस्तानात पाहिला नाही. बोलता बोलता मीच रडलो. खोलीत एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही. रत्नाकर तर हुंदके देत उठले, त्यांना जिद्दाची बस गाठायची होती (रजेवर कुडाळला घरी निघाले आहेत, आणि युद्धामुळे विमान तिथूनच). जाताना "येतो" म्हणाले नाहीत, तेव्हासुद्धा माझी ट्यूब पेटली नाही.

मग पद्मिनी आली. अंगावर मोरपंखी साडी, दारातूनच म्हणाली, "अरे वा, आज पिठल्याची पार्टी?" खोलीतली सगळी डोकी तिच्या साडीकडे वळली. कुळकर्णीबाई तिच्या कुंकवाकडे पाहत म्हणाल्या, सासऱ्यांचं सूतक आहे ना? आणि तेव्हा मला आठवलं की आरशात काय चुकलं होतं. वडील हयात असताना आपल्याकडे मिशीला वस्तरा लावत नाहीत! मिशी नाही, डोक्यावर केस नाहीत, अंगावर पांढरे कपडे, आणि मंगळवारी घाईने घरी लावलेला ट्रंक कॉल: या मंडळींनी आणखी काय समजायचं? मी हात जोडून सगळ्यांना सांगितलं की अण्णा ठणठणीत आहेत, मंगळवारीच मला शिव्या दिल्या. त्यानंतर इतकं हसणं झालं की बदरुद्दीनभाई धावत आले. तिन्ही डबे त्यांनी आणि जोहराभाभींनी मोठ्या आवडीने संपवले.

तर असं आहे. पिनांगचं अण्णांना तुमच्या पद्धतीने सांगा, नकाशा काढून. पत्र पद्मिनीच्या इस्पितळातले डॉ. यज्ञेश मुंबईला जातायत त्यांच्या हाती देतो, ते तिथे पोस्टात टाकतील. मिशी वाढते आहे, काळजी नसावी. काकूंना पद्मिनीचा नमस्कार.

तुमचा,
जगदीश

ता. क. काका, घाईचं आहे ते इथेच लिहितो. रत्नाकर सामंत पद्मिनी येण्याआधी निघाले, म्हणजे अण्णा गेले हीच बातमी घेऊन ते कुडाळला येतायत! आधी बेळगावला सासुरवाडीत राहणार, मग घरी, आणि मग "आईंना भेटल्याशिवाय राहणार नाही" असं मला मिठी मारून सांगून गेले आहेत. वेंगुर्ल्याच्या घरी फोन अण्णांच्या टेबलावर, उचलतात तेच. त्यावर मी काय सांगू? कृपा करून पत्र मिळताच वेंगुर्ल्याला जा आणि कुडाळच्या एसटीवर लक्ष ठेवा. उंच, चष्मा, खांद्यावर टू-इन-वन. त्यांना स्टँडवरच गाठा आणि परत पाठवा.

ता. क. दुसरी. वरचं सगळं पद्मिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कशाला अडवायचं त्यांना? कागद पातळ आहे, खोडलं तर मागची बाजू जाईल, म्हणून वरचं तसंच ठेवतो. पण काका, रत्नाकरना अडवू नका. आईला आधी सांगून ठेवा, तिला धक्का बसायला नको. अण्णांना मात्र काही सांगू नका, दार त्यांनाच उघडू दे. रत्नाकर भानावर आले की त्यांना बसवा, पाणी द्या, आणि शुक्रवारी मी काय काय बोललो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत अण्णांसमोर सांगायला लावा. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे, काही गाळणार नाहीत. मग पिनांगचं विचारा. अण्णा नाही म्हणाले तर मी घरी येईन, खरंच येईन. हो म्हणाले तर त्यांना आणि आईला पहिल्या हिवाळ्यात तिकडे नेईन आणि त्या लांबलचक पुलावर उभं करीन. पण आधी त्यांनी ते सगळं ऐकू दे. त्यांच्या तोंडावर मला ते या जन्मात बोलता येणार नाही, आणि ते गेल्यावर बोलून मी काय करू?