जिवंत माणसासाठी वाजवलेली प्रार्थना

प्रिय नोखेमकाका,

काल मंगळवार, ४ नोव्हेंबर १९०८, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होतो. वेळ नक्की आहे, कारण लाकूडवखारीच्या मालकाच्या घरातलं मोठं घड्याळ माझ्या समोरच होतं. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. आमचा वाजंत्र्यांचा ताफा दोन गावं ओलांडून गेला होता. अव्रोम-बेरच्या अंगठ्याला नखुर्डं झालंय, म्हणून पहिलं व्हायोलिन त्याने माझ्या हातात दिलं. तुम्ही गाव सोडून गेल्यापासून आठ वर्षं मी दुसरंच वाजवत आलो. आमचा शाये, लग्नात उभ्या उभ्या कवनं रचणारा, तुमच्यानंतर ताफ्यात आलेला, मला म्हणाला, "अरे गेत्सल, तोंड असं केलंयस की नवरीच्या आधी तूच रडशील. तिच्यासाठी थोडं शिल्लक ठेव!" मग खालच्या आवाजात म्हणाला, "मुलगी बिनबापाची आहे. बापासाठी प्रार्थना म्हणावी लागेल. तुझ्या गुरूची ती धून घे, बायका धाय मोकलून रडतील."

काका, हे मी काल रात्री कच्चं लिहिलं आणि आता सकाळी नीट उतरवतोय. तरी खाडाखोड राहिलीय. माफ करा.

नवरीला खुर्चीवर बसवलं होतं, वेण्या सोडल्या होत्या, भोवती बायका. शायेने नेहमीसारखी सुरुवात केली, रड पोरी, रड, आज तुझं बाळपण संपलं. मी हळूहळू सूर धरला. मग त्याने मेलेल्या बापाला लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि प्रार्थनेत नाव घेतलं: पिंखसचा मुलगा नोखेम-लेब.

मला वाटलं, तुमच्याच नावाचा दुसरा कुणी असेल. मान वर केली. खुर्चीमागे ब्रायनाकाकू उभ्या होत्या. केस पांढरे झालेत, पण त्याच. त्यांनी मला ओळखलं. डोळे मोठे केले, लहानपणी मी तुमच्या घरी साखरेच्या डब्यात हात घातला की करायच्या तसे.

तुमचं पत्र तेव्हा माझ्या व्हायोलिनच्या पेटीत होतं, अस्तराखाली. त्यात तुम्ही पाठवलेले पंधरा रुबल, आणि तुमचा मजकूर: ब्रायना आणि माझी पोर पेसल कुठे राहायला गेल्या ते शोध, पैसे दे, पेसाखच्या सणाला मी येतोय, पण आधी सांगू नकोस. मी महिनाभर चौकशी करत होतो. आणि सापडल्या त्या अशा.

मी थांबायला हवं होतं. जिवंत माणसासाठी ती प्रार्थना! पण गज चालत राहिला. तुमचीच धून होती. शेवटचा सूर तुम्ही धरायचात तेवढा लांब धरला. बायका रडल्या. शायेदेखील रडला, आणि तो फुकट रडत नाही.

नंतर काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "आठ वर्षांत एक ओळ नाही," त्या म्हणाल्या. "टाकून दिलेल्या बाईच्या मुलीला कोण करून घेतं? या गावात आल्यावर मी मध्यस्थाला सांगितलं, मेला. व्याही देवभीरू आहेत, कळलं तर आत्ता सोयरीक मोडतील. तू काय करणार आहेस, गेत्सल?" मी पैसे पुढे केले. "मेलेली माणसं पैसे पाठवत नाहीत, बाळा," म्हणाल्या, आणि माशांच्या थाळीकडे वळल्या.

रात्रीच्या जेवणानंतर जो तो पैसे टाकून आपल्या नावाने नाच मागू लागला. नवऱ्याच्या काकाने मागितला, आत्याने मागितला. नवरीच्या बाजूने कुणीच नाही. तेव्हा तुमच्या पैशांतला एक रुबल मी ताटात टाकला. शायेने विचारलं, कुणाच्या नावे? मी म्हणालो, नाव नको. पेसल काकूंचा हात धरून नाचली. ती तुमच्यासारखीच डावा खांदा आधी टाकते.

नाच संपल्यावर ती माझ्याजवळ आली. सासरा तिच्या मागेच उभा होता. तिने विचारलं, "मघाची ती धून तुम्हाला कुणी शिकवली?" काका, प्रार्थना शायेने म्हटली होती, खोटं काकू बोलल्या होत्या; तोवर मी फक्त वाजवलं होतं. मी म्हणालो, "माझ्या गुरूंनी. ते आता नाहीत." ती म्हणाली, "माझे वडीलही असंच वाजवायचे," आणि सासऱ्यासोबत गेली.

हे सांगायला लिहितोय. तुम्ही येऊ नका. पेसाखला नाही, नंतरही नाही. तुम्ही आलात तर तिचा संसार मोडेल. पण पत्र मिळताच मला एक ओळ पाठवा, माझ्याच पत्त्यावर, तुमच्या हाताने लिहिलेली. मंगळवारी दुपारी तुम्हाला काही झालं नाही ना? मला झोप येत नाही.

तुमचाच शिष्य,
गेत्सल

हिशेब: तुमच्याकडून आले १५ रुबल. नाचासाठी ताटात १ रुबल. त्यातून माझ्या वाट्याला आलेले १८ कोपेक मी ठेवू शकत नाही. टपाल १० कोपेक, माझ्याकडून. तुमचं माझ्याकडे येणं: १४ रुबल १८ कोपेक.