हेलसिंकीची भिंत वाजवून पाहिली

बाबा,

गेल्या महिन्यात हेलसिंकीला जाऊन आले. ऑफिसने पाठवलं नव्हतं. माझी सुट्टी, माझा हट्ट. मुलाला बजावलं, समुद्र नंतर, आधी इमारती. तिथे खडक फोडून आत बसवलेलं एक चर्च आहे. निघालेला दगड त्यांनी फेकला नाही, त्याच खडकावर रचून भिंत वर नेली आणि त्यावर तांब्याचा घुमट ठेवला. तुम्ही असतात तर घुमटाकडे बघितलंही नसतंत. दगडाला दगड कसा बसवलाय तेवढंच पाहत तासभर उभे राहिला असतात.

मग चौकातलं पांढरंशुभ्र कॅथीड्रल. भिंतीपाशी गेले आणि बोटांच्या पेरांनी टकटक केलं. तुमचीच खोड. कुणाकडे चहाला गेलो तरी तुम्ही आधी प्लास्टर वाजवून बघणार, कुठे पोकळ बोलतं का. "भरीव हाय, पाहा," असं यजमानालाच ऐकवायचात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता माझा मुलगा बाजूला सरकतो. "आई, स्टॉप इट, लोक बघतायत." तिथली गाइड हसत आली. "आर यू अ बिल्डर?"

"आर्किटेक्ट," मी म्हटलं. "पण हे वडिलांकडून शिकले. ते नागपूरला गवंडी होते."

मुलगा बघतच राहिला. "यू सेड आजोबा वॉज ॲन इंजिनीअर!"

हो, तसंच सांगत आले होते. पदवीदानाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, सिमेंटने फुटलेले हात पाठीमागे धरून. मैत्रिणीच्या आईने विचारलं, वडील काय करतात? मी तुमच्यादेखत म्हटलं, "इंजिनीअर आहेत." तुम्ही मान हलवलीत. खोटं माझं, निभावून नेलंत तुम्ही. परतताना मला उसाचा रस पाजलात. त्या खोट्याची आजही लाज वाटते, बाबा.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गला परतल्यावर ऑफिसात जेवताना सगळ्यांना सांगितलं, माझे वडील गवंडी होते. मी चांगली आर्किटेक्ट आहे, आणि माझी अर्धी अक्कल तुमच्या हाताखाली आलेली आहे, हे आता कुणालाही सांगेन.

तुम्हाला मात्र कधीच सांगितलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं शेजारच्या मावशी मोठ्याने वाचून दाखवायच्या. माफी मागायची तर ती आधी त्यांना कळली असती. म्हणून दर पत्रात मी फक्त इथल्या थंडीबद्दल लिहिलं. आता तुम्ही नाही, हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा कुठे जमलं.