छावणीच्या माईकवर

प्रिय राधाकिशन,

मुक्ताला समजावायचं काम तू माझ्यावर टाकलंस. तुझ्या पोरीनं चाकणची चालून आलेली इंजिनिअरची नोकरी नाकारली, व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर विकायला लागली, म्हणून तू तिच्याशी बोलणं सोडलंस. दिवाळीलाही ती घरी आली नाही. आणि समजूत घालायला माणूस निवडलास तो मी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास, बाबा.

दुष्काळाचं ते साल आठव. रानात ऊसच नव्हता, आपला सहकारी साखर कारखाना बंद, आणि तू-मी दोघे नवे मेकॅनिकल इंजिनिअर कारखान्याच्या चारा छावणीवर. माईक माझ्याकडे. ‘पशुपालकांनी चारा वाटप केंद्राशी संपर्क साधावा’ असं मी शुद्ध भाषेत ओरडायचो आणि कुणी जागचं हलायचं नाही. शेवटी वैतागून म्हणालो, तांबड्या शिंगमोड्या बैलाचे मालक, या की, तो तुमच्याकडंच बघतोय! अख्खी छावणी हसली, मालक धावत आले. मग काय, जनावरांच्या नावानंच पुकारा सुरू झाला. मंजुळाबाई तर रोज बजावून जायच्या, ‘आमच्या चंद्रीला बी पुकारा, सायेब.’ तू कडब्याच्या पेंढीवर बसून म्हणालास, ‘लेका, तू चुकीच्या खात्यात हायेस.’ मला तेव्हा राग आला होता.

पुढे ऊसनोंदणीचं सॉफ्टवेअर घेऊन पुण्याची कंपनी आली. त्यांचं बोलणं संचालकांना उमजेना, म्हणून मी मधे पडलो आणि कुणाच्या उसाला तोड कधी येणार ते यात कसं कळतं, हे त्यांना आपल्या बोलीत सांगितलं. कंपनीनं मलाच उचललं. आज तिथला मार्केटिंगचा प्रमुख म्हणून मिरवतो, पण तेव्हा आमचे दादा पेटले होते. कायमची नोकरी सोडून आपलं पोरगं फेरीवाला होणार! तू एसटीनं गेवराईला गेलास, आमच्या ओसरीवर बसलास. दादांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, तरी उठला नाहीस. ‘दादा, त्याचं शिक्षण वाया चाललं न्हाई, आता कुठं कामाला लागलंय,’ असं म्हणालास. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, दादांनीच पुढे सांगितलं. माझं जे बरं झालं ते तुझ्यामुळे, राधाकिशन. तोंडावर बोलायला लाजतो, म्हणून लिहितोय.

मुक्ताला भेटलो. समजवायलाच गेलो होतो, शपथ! पण ती तिचं काम सांगायला लागली, आणि मी कशाला आलोय तेच विसरून गेलो. पोरगी खुशीत आहे. फक्त जेवताना दर घासाला फोन बघते, तुझा आला का म्हणून. तेव्हा रविवारी आम्ही निघतोय, ती माझ्या गाडीत असेल. तू दार उघडशील की नाही, याची तिला धास्ती आहे. मी तिला सांगून बसलोय, तुझा बाप दारात नाही, पार रस्त्यावर येऊन उभा असेल. हे पत्र एवढ्याचसाठी. मला खोटं पाडू नकोस.

तुझाच,
शहादेव