शनिवारी आलेली बाई

बाबा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता बरीच म्हातारी झालेय, तेव्हा थोडं जास्त बोलले तर ऐकून घ्या. परवा नातीनं विचारलं, "अख्ख्या परभणीत यहुद्यांचं तुमचं एकच घर, मग तुला एकटं नाही वाटायचं?" मला हसूच आलं. एकटं वाटून घ्यायला तुमच्या घरात सवड कुठं होती!

शुक्रवारी दुपारपासून आईची धांदल असायची. शनिवार आपला विसाव्याचा, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवसांचं रांधायचं. मटणात दुधाचा थेंब चालायचा नाही, म्हणून नारळाचं दूध. नारळ मिळायचा मारुतीच्या देवळासमोर, आणि तो दुकानदार दर आठवड्याला विचारायचा, "वकिलीणबाई, कितवा नवस फेडायलाव?" दिवेलागणीला आई खोबरेल तेलाचा दिवा लावायची. त्याआधी तुम्ही सगळी कागदपत्रं कपाटात टाकून किल्ली तिच्या हाती द्यायचात. मग शनिवारी सांज होईपर्यंत तुम्ही वकील नव्हतात. गाव तुम्हाला 'शनिवारवाले वकील' म्हणायचं. निजामाचं राज्य गेलं, शुक्रवारची सुट्टी रविवारी आली, तुमचा शनिवार मात्र जागचा हलला नाही. कोर्टातला पेशकारसुद्धा तुम्हाला शनिवारची पेशी, म्हणजे तारीख, द्यायचा नाही.

कोर्टात तुम्ही कधी ओरडला नाहीत म्हणतात. साक्षीला उभ्या शेतकऱ्याला 'मामा' म्हणायचं, पीकपाणी विचारायचं आणि मग हळूच, "मामा, हे तुम्ही पाहिलं, का ऐकलं?" तिसऱ्या प्रश्नाला मामा गळपटायचा. घरात गूळ चोरला तरी आमची तीच गत. दोन प्रश्न मी टिकायची, तिसऱ्याला रडू फुटायचं आणि तुम्ही राहिलेला गूळ माझ्याच हातावर ठेवायचात. आई म्हणायची, असला कसला न्याय!

आता त्या शनिवारचं सांगते. मी दहा वर्षांची. मागच्या खोलीत चटईवर तुम्ही मला कोकणातली गोष्ट सांगताय. तुमचे वडील वादळात होडी घेऊन खाडीत निघालेत, घरी तुमची आई बाळंतपणात अडलीय आणि सुईण पलीकडच्या तीरावर. मी समुद्र सोडा, खाडीही पाहिलेली नाही. होडी मधोमध आलीय, पाणी आत शिरतंय, आणि ओसरीवरून हाक येते. तुम्ही म्हणता, "बघ गं कोण आहे."

चुडाव्याहून गाडीनं आलेली बाई होती. पायात काही नाही, पदर कपाळापर्यंत. तिचा नवरा सालगडी, मालकाच्या भावाच्या खुनाच्या आरोपात अडकलेला, आणि त्याचे वकील तुम्ही.

"बाई, सायबाला सांगा. टेसनावरचा गेटवाला गवाही द्यायला तयार हाय. त्या वक्ताला आमचा माणूस त्याच्यापाशी बसलेला व्हता. पर त्याची बदली झाली, उद्या सकाळी जायलाय. कुठं ते बी ठावं न्हाई."

"आज शनिवार आहे. बाबा आज कामाचं बोलत नाहीत. उद्या या."

"उद्या लय उशीर व्हईल, माय. एवढं आत जाऊन सांगता का?"

मी आत आले. तुम्ही विचारलंत, कोण होतं? मी म्हणाले, "कोणी नाही, पाणी मागत होती." आणि तुमच्या कुशीत शिरून बसले. दुपारी ओसरीवर डोकावले तर ती दारच्या लिंबाखालून उठून स्टेशनकडे चालली होती.

सोमवारी ती तुम्हाला कोर्टाच्या आवारात भेटली. घरी येऊन तुम्ही काळी टोपी खुंटीला लावलीत आणि मला जवळ बोलावलंत. "शनिवारी कोणी आलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत उभी होते, रडायची तयारी ठेवून. तुम्ही तो विचारलाच नाहीत. जेवताना तेवढं म्हणालात, "कुणाच्या जिवाचा प्रश्न असला तर शनिवार मोडायचा. तसा आपल्याकडे कायदाच आहे. हे मी तुम्हा पोरांना शिकवायचं राहिलं."

तिच्या नवऱ्याला जन्मठेप झाली. पुढे तुम्ही रेल्वेच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत, गेटवाला हुडकून काढलात, हैदराबादेला अपील लढलात आणि त्याला सोडवलंत. पण दोन वर्षं गेलीच. तो आत असताना त्याला मुलगी झाली. तो सुटून आल्यावर ती बापाकडे जाईना, हे तुम्हीच घरी सांगितलंत. ती बाई येऊन गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारपासूनच तुम्ही खुर्ची ओसरीवर टाकली होतीत, रस्त्याकडे तोंड करून. गोष्टी तिथंच सांगायचात, मधेच कोणी आलं तर उठून जायचात. मला वाटायचं, ही मला शिक्षा आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ती बाई आली होती, लेकीला घेऊन. मला जवळ घेऊन म्हणाली, "साहेब मला म्हणले व्हते, पोरीचा काही गुन्हा न्हाई. मीच तिला शनिवारी कोणाला आत घेऊ नको म्हणलं व्हतं." तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात, बाबा. सगळ्या जिल्ह्यात खरेपणासाठी तुमचं नाव, आणि माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, तेही तिच्याशी. मी तेव्हाही गप्प राहिले. म्हटलं, तुमचा शब्द कशाला खाली पाडा.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आईच्या दिव्याबरोबर कपाटात राहील. पण तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकदा द्यायला हवं. सगळे धरून चालले की लहान पोर, शनिवार पाळायला गेली. तसं नव्हतं. मला शनिवारचं काही पडलं नव्हतं. आठवड्यातून एकच दिवस तुम्ही माझे असायचात, आणि होडी अजून काठाला लागायची होती.