चुकीच्या वर्गातला पहिला बाक

मंगळवार, २५ सप्टेंबर
कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं, मायक्रोइकॉनॉमिक्सचं पहिलं लेक्चर छान झालं. ते मायक्रो नव्हतं. मायक्रोची खोली दोनशे चौदा. मी तीनशे चौदामध्ये बसले. फळ्यावर मागणी-पुरवठ्यासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा होत्या, म्हणून शंका आली नाही. विसाव्या मिनिटाला पडद्यावर गायीचं पोट आलं. वर्ग पशुवैद्यकाचा.

पहिल्या बाकावर होते, उठता आलं नाही. दहावीपर्यंत आमची शाळा घरातच, आत्याच्या हाताखाली. ती शिकवत असताना दादा एकदा पाणी प्यायला उठला, तर आत्याने दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.

पुढच्या सोमवारी योग्य खोलीत. प्रश्नच नाही.

सोमवार, १ ऑक्टोबर
दोनशे चौदाकडेच निघाले होते. जिन्यात सर (गायीचे) भेटले. म्हणाले, चला, एवढ्या वर्गात तुम्ही एकट्याच लिहून घेता. एवढा वर्ग म्हणजे नऊ मुलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ते माझ्यासाठी दार धरून उभे होते. आजचं शेवटचं.

सोमवार, ८ ऑक्टोबर
पोटाचे कप्पे चार. हे खरंच शेवटचं. मायक्रो खोलीवर वाचते आहे. पान ११.

रविवार, १४ ऑक्टोबर
होस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या ताईला (फार्मसी, तिसरं वर्ष) सगळं सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, अगं बाई, पाय आहेत ना तुला? उठायचं नि चालायला लागायचं! म्हटलं, वाईट दिसतं गं ते. म्हणाली, आणि हाकलून दिलं की काय शोभून दिसणार आहेस?

बरोबर आहे तिचं. उद्या बरं नाही म्हणून सांगायचं आणि उठायचं.

सोमवार, १५ ऑक्टोबर
बरं नाही म्हणून सांगितलं. सरांनी खिडकी उघडली, स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि तासभर माझ्याकडे बघत सावकाश शिकवलं. उलट आता खोटं बोलल्याचं ओझं.

शनिवार, ३ नोव्हेंबर
भारतातून घरचा फोन. बाबांनी विचारलं, मायक्रोचे सर कसे आहेत? म्हटलं, फार मन लावून शिकवतात. हे खोटं नाही. शिकवतच असतील. मागून आत्या ओरडली, तिला म्हणावं पुढे बस! म्हटलं, पुढेच बसते.

मायक्रो, पान ११. नवं वेळापत्रक केलं: रोज चाळीस पानं.

सोमवार, १२ नोव्हेंबर
वर मायक्रोची चाचणी म्हणून निघाले... चूक. मायक्रो खाली, दोनशे चौदामध्ये. बघा, मला आता तेही आठवत नाही. चाचणी दोन्हीकडे एकाच वेळी होती. वर सर पेपर वाटत होते, माझ्या बाकावर आधीच ठेवलेला. लिहिला.

सोमवार, १९ नोव्हेंबर
वीसपैकी एकोणीस. सरांना यादीत माझं नाव सापडेना. म्हणाले, ऑफिसवाले हे असेच, तुम्ही काळजी करू नका, मी चांगलं खरमरीत पत्र लिहितो. त्यांचं हे नोकरीतलं शेवटचं सत्र आहे. अशा माणसाला कसं सांगायचं?

बुधवार, २१ नोव्हेंबर
ऑफिसचं पत्र. मायक्रोची हजेरी शून्य. २९ तारखेला चारच्या आत खिडकीवर समक्ष खुलासा दिला नाही, तर अर्थशास्त्राच्या पदवीतून नाव कमी. नाव गेलं की इथे राहण्याचा परवानाही गेला.

आठ दिवस आहेत. भरपूर. खुलाशाचा मसुदा आजच सुरू.

मंगळवार, २७ नोव्हेंबर
मसुदा, सातवा. सरांना दोष लागता कामा नये. ताई म्हणाली, 'खोली चुकले' एवढं लिही आणि दे. तिला हे इतकं सोपं वाटतं.

गुरुवार, २९ नोव्हेंबर
सव्वातीनला रांगेत. पुढे चौघं. मागची मुलगी रडवेली दिसली, तिला पुढे घेतलं. तिच्यामागे तिची मैत्रीण होती, तिलाही. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाई घड्याळ दाखवून म्हणाल्या, बंद झालं. मी त्यांना थँक्यू म्हणाले.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर
नाव कमी झालं. १५ डिसेंबरपर्यंत देश सोडायचा. नाव परत घ्या अशी एका ओळीत विनंती करता येईल असं ताई म्हणते; पण लगेच, सोमवारी सकाळी दहाला खिडकी उघडताच.

आत्याचा फोन. शेजारच्या दोन मुली जानेवारीपासून तिच्याकडे शिकायला येणार आहेत. त्यांच्या आयांना ती म्हणाली, आमची बघा, कुठे पोचली! मी विचारलं, मुली कितवीत आहेत?

रविवार, २ डिसेंबर
उद्या दहाला सरांचं अखेरचं लेक्चर. वर्गातर्फे आभार मी मानायचे, असं सगळ्यांनी ठरवलंय. भाषण पाठ झालं. सरांना आणि ऑफिसला, दोन्हीकडे खरं सांगायचा दिवस पक्का केला: मंगळवार, ४ डिसेंबर.