लाडीच्या जामिनाबद्दल

कोट हरनाम, तरनतारन
१८ फेब्रुवारी

वीरजी,

सत श्री अकाल. इथलं बरं चाललंय म्हणायचं. बीजींचे गुडघे थंडीनं आखडलेत, तरी आपल्या आईच त्या, गुरुद्वाऱ्यात जायचं सोडत नाहीत. गव्हावर अजून तांबेरा नाही. भुरी म्हैस व्यायला झाली आहे. तुमच्या इटलीतल्या गोठ्यात गाईंना शेगडी असते म्हणे, वहिनी सांगत होती.

तुमचे फोन मी उचलले नाहीत. फोनवर तुम्ही ओरडला असता आणि मी रडले असते, म्हणून लिहिते आहे. लाडीचा जामीन रद्द झाला. आपला धाकटा पुन्हा तुरुंगात आहे.

वकिलानं तुम्हाला दिलेला धीर खोटा नव्हता. जामीन रद्द करण्याचा पोलिसांचा पहिला अर्ज जजसाहेबांनी फेटाळलाच होता. म्हणाले, चिट्ट्याचा, म्हणजे हेरॉइनचा, गुन्हा गंभीर आहे हे जामीन देतानाही माहीत होतं. दिलेला जामीन तेवढ्यावर काढून घेता येत नाही, सुटल्यावर यानं काय केलं ते दाखवा. तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतंच. लाडी ठाण्यात हजेरी लावायचा, ट्रॅक्टर चालवायचा, बीजींकडून मोहरीच्या पाल्याचं साग मागून मागून खायचा. मला वाटलं, आपला भाऊ परत आला.

लोहडीच्या सणानंतर जुने मित्र दारात मोटारसायकली लावायला लागले. न्हाणीघरात मला सुई सापडली. मी ती पुरून टाकली आणि कोणाला बोलले नाही.

चक्कीवाले बचित्तर चाचा लाडीच्या झडतीला पंच होते. त्यांची साक्ष जवळ आली तसा लाडी त्यांच्याकडे जाऊन आला. चाचांनी धमकीची तक्रार केली, पोलिसांनी पुन्हा अर्ज केला. पण कोर्टात चाचा म्हणाले, माझी ऐकण्यात चूक झाली, पोरगा दळणाला आला होता. वकिलानं लाडीच्या पाठीवर थाप मारली.

वीरजी, दळणाला मी गेले होते. पोत्यांच्या थप्पीमागे बसले होते. लाडी आत आला आणि अगदी हळू, जेवलात का विचारावं तसा म्हणाला, "चाचा, तुमची सून शेतावर एकटीच जाते ना? साक्षीच्या दिवशी तुम्ही आजारी पडा."

याच माणसाच्या खांद्यावर बसून त्यानं जत्रा पाहिल्या होत्या.

मला कोर्टात कोणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून उभी राहिले. जजसाहेबांनी कोण म्हणून विचारलं, तेव्हा "याची बहीण" म्हटलं. त्यांनी शपथ घ्यायला लावली आणि मी ऐकलेलं सगळं सांगितलं. सुईचंही सांगितलं.

नेताना लाडी माझ्यापाशी थांबला. "दीदी, तू गप्प बसली असतीस तर मी सुटलो असतो."

"कशातून, लाडी?"

शिपायानं त्याला पुढे नेलं.

बीजी माझ्या हातचं जेवत नाहीत. तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याला नशा सोडवायचं औषध सुरू केलंय, एवढंच कळलं. भेटीला गेले तर तो बाहेर आला नाही. पुन्हा जाईन.

तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावरच काढा, चाचांवर नको. मी फार थकले आहे, वीरजी. पण तो तिथं आहे तोवर सकाळी त्याचं दार ढकलताना, तो जिवंत असेल ना म्हणून, माझा जीव मुठीत नसतो.

त्याची आणि तुमची बहीण,
सतविंदर